खुलासा सादर करण्यात येतो की...

सरकारी खुलासा कसा लिहितात हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात खान्देशातल्या ज्या तालुक्याला बदली होईल तिथे साहेब बदलायचे, पण त्यांचं एक वाक्य बदलायचं नाही: "मॅडम, एवढा खुलासा तुमच्या हातचा होऊ द्या." अक्षर बरं होतं हे एक कारण. दुसरं म्हणजे कर्ता कुठे ठेवायचा आणि कुठे गाळायचा हे मला पक्कं ठाऊक होतं. काम चांगलं झालं की "तहसीलदार यांनी केले". घोळ झाला की "झाल्याचे निदर्शनास आले".

टीव्हीवर कुठल्याशा देशाचा प्रवक्ता मागे झेंडा लावून उभा राहतो आणि कुठल्यातरी दवाखान्यावर पडलेल्या बॉम्बबद्दल बोलू लागतो, तेव्हा मला पुढचं वाक्य आधीच ऐकू येतं. परवा भाचा आला होता नाशिकहून. जेवता जेवता बातम्या बघत होता. मध्येच घास हातात धरून म्हणाला, "मावशी, यासले काही लाज वाटत नई का वं?"

त्याला म्हटलं, तू समजतोयस की हा माणूस टीका करणाऱ्याला उत्तर देतोय. तसं नसतं रे. मग जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत होतं, म्हणून इथे लिहून काढते.

आधी गारपिटीचा एक किस्सा सांगते. तालुक्याचं नाव सांगत नाही, माणसं हयात आहेत. केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. पंचनामे झाले. गावातल्या एकाने वर अर्ज केला की तलाठी बांधावर फिरकलाच नाही, पारावर बसून याद्या भरल्या. पेपरात बातमी आली, वरच्या कार्यालयाने खुलासा मागवला. साहेबांनी मला बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला: "तक्रारदार कोणाचा माणूस आहे?" खरं काय घडलं हा प्रश्न आलाच नाही असं नाही, आला, पण चहा संपल्यावर. खुलासा असा झाला: पंचनामे प्रचलित नियमांनुसार करण्यात आले आहेत, सदर तक्रार स्थानिक राजकारणातून केल्याचे दिसून येते, तथापि प्रकरणी चौकशी सुरू असून कोणी दोषी आढळल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल. अर्जदाराला प्रत गेली, "माहितीस्तव". पण ते पत्र त्याच्यासाठी लिहिलंच नव्हतं. ते लिहिलं होतं वरच्या साहेबासाठी, आमदारांच्या पीएसाठी आणि मुख्य म्हणजे आमच्याच तलाठ्यांसाठी, की बाबांनो, घाबरू नका, कार्यालय तुमच्या पाठीशी आहे.

लढाईतल्या वागणुकीवर बाहेरून बोट ठेवलं गेलं की सरकारं जे बोलतात त्याचा नमुना हाच. आपल्याकडे तर तो दोनशे वर्षं जुना आहे आणि धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरपासून फार लांबही नाही.

थाळनेर म्हटलं की लोकांना मंगेशकर भावंडांचं आजोळ आठवतं. अभ्यासू असेल तर फारुकी सुलतानांचे मकबरे. तापीकाठचा किल्ला निम्मा नदीनेच खाल्लाय. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्यात खान्देशातले होळकरांचे किल्ले इंग्रजांकडे गेले. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन दक्षिणेला निघाला आणि २७ फेब्रुवारीला थाळनेरसमोर आला. किल्लेदार तुळशीराम मामा. त्याने किल्ला सोडायला नकार दिला. दिवसभर तोफा चालल्या. मग बोलणी झाली, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या शेवटच्या दरवाजाशी मात्र अरब शिपाई होते. काही इंग्रज अधिकारी छोट्या दिंडी दरवाजातून आत शिरले. एकमेकांची भाषा एकमेकांना कळेना, गडबड उडाली आणि त्यात दोन अधिकारी मारले गेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि किल्ल्यात होते नव्हते ते सगळे, तीनशेच्या आसपास माणसं, कापली. किल्लेदार तोवर इंग्रजांच्या ताब्यात होता. त्याला त्याच संध्याकाळी फाशी दिलं.

आता हिस्लॉपचा अहवाल बघा. त्याचा मुद्दा असा की शिपायांच्या दगाबाजीत किल्लेदाराचा हात होता की नव्हता हा प्रश्न बाजूला ठेवला तरी मुळात त्याने बंड केलं आणि त्यासाठी ही शिक्षा रास्तच होती. नोकरीत कितीतरी खुलासे लिहिले मी, पण याला मी हात जोडते. आरोप सिद्ध करायची गरजच ठेवली नाही माणसाने. दगा केला म्हणून फाशी, आणि दगा नसेल केला तर बंड केलं म्हणून फाशी. बंड कसलं? आदल्या महिन्यापर्यंत जो त्याचा धनी होता त्याने कुठेतरी माळव्यात कागदावर सही केली होती. तह झाला म्हणजे किल्लेदार शत्रूचा सैनिक राहिला नाही, तो बंडखोर झाला, आणि बंडखोराला युद्धाचे नियम लागू नाहीत. हा युक्तिवाद लक्षात ठेवा. आज तो "दहशतवाद्यांना जिनिव्हा करार लागू होत नाही" या रूपात ऐकू येतो.

१८१९ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या मोहिमेच्या आभाराचा ठराव आला आणि तिथे थाळनेर निघालं. कैद झालेल्या किल्लेदाराला फाशी दिलंच कसं, असं विचारणारे तिथेही होते. मग आमच्या ऑफिसात जे निघालं असतं तेच निघालं: कागदपत्रं अपुरी आहेत. आभार मानायचे, पण त्यात थाळनेरचा प्रकार धरू नये. हिस्लॉपला शिक्षा झाली नाही. तुळशीरामाच्या बाजूने तक्रार करायला होळकरांचं राज्य उरलं होतं कुठे?

यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रश्न विचारले ते त्यांच्याच घरातल्या माणसांनी. पुढची उदाहरणं शोधत गेले तसं दिसत गेलं की सरकारला खरी भीती बाहेरच्या टीकेची नसतेच. बाहेरची टीका घरातल्या कुणाच्या तरी हातात पडेल, ही खरी भीती.

एमिली हॉबहाऊस या इंग्रज बाईचं उदाहरण घ्या. १८९९ ते १९०२ दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि तिथले डच वंशाचे बोअर यांच्यात बोअर युद्ध चाललं. इंग्रजांनी बोअर शेतकऱ्यांची घरं जाळली आणि बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं. सरकारी कागदात त्या "निर्वासितांच्या छावण्या", म्हणजे जणू लोक आपणहून आश्रयाला आले. हॉबहाऊसबाई १९०१ च्या जानेवारीत ब्लोमफाँटेनच्या छावणीत गेल्या. साबण नाही, पाणी पुरेसं नाही, एकेका तंबूत किती माणसं, आजारी मुलाला अंगाखाली काय, सगळं टिपून आणलं आणि लंडनला अहवाल छापला. लिझी व्हॅन झील नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो तेव्हाचा आहे. हाडांवर नुसती कातडी, हातात बाहुली. सरकारच्या बाजूच्या लोकांनी तोच फोटो उचलला आणि सांगितलं: बघा, या बोअर आया पोटच्या पोरांची कशी आबाळ करतात! मुलगी छावणीत विषमज्वराने गेली होती.

पुढचा क्रम तर नमुनेदार आहे. आधी बाईंना भोळसट म्हटलं, मग देशद्रोही. विरोधी पक्षनेत्याने, कॅम्पबेल-बॅनरमन यांनी, ही रानटी पद्धत आहे असं ऐकवलं तेव्हा सरकारने बायकांचीच एक समिती नेमली, मिलिसेंट फॉसेट अध्यक्ष. हॉबहाऊसना त्यात घेतलं नाही. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्या स्वतः पुन्हा केपटाऊनला गेल्या तर त्यांना बोटीवरून उतरूच दिलं नाही, तिथूनच परत पाठवलं. आणि फॉसेट समितीने काय लिहिलं? जवळजवळ तेच, जे हॉबहाऊसनी लिहिलं होतं. त्यानंतर छावण्यांत सुधारणा झाल्या आणि १९०२ मध्ये मृत्यू झपाट्याने कमी झाले. तोवर सुमारे २८ हजार बोअर गेले होते, बहुतेक मुलंच. काळ्या आफ्रिकनांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथे किमान १४ हजार गेले, आणि किमान म्हणायचं कारण त्यांची नोंद धड ठेवलीच नव्हती. हॉबहाऊसनाही त्या छावण्या नीट बघता आल्या नाहीत. ही मोहीम चालवणारा किचनेर १९०२ च्या अखेरीस आपल्याकडे सरसेनापती म्हणून आला.

समिती नेमताना तक्रार करणाऱ्याला बाहेर ठेवायचं, हे आमच्याकडेही पाळलं जाई.

साफ नाकारण्यात मात्र जर्मनांचा हात कुणी धरू शकणार नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजेने बेल्जियममधलं लुव्हेन जाळलं, विद्यापीठाचं ग्रंथालय दोन लाखांवर पुस्तकांसकट राख झालं, गावातली माणसं मारली. जगभर ओरड झाली. ऑक्टोबरमध्ये ९३ जर्मन विद्वानांनी एक जाहीरनामा काढला. त्यात माक्स प्लांक आहेत, क्ष-किरणवाले राँटगेन आहेत, फ्रिट्झ हाबर आहेत. सहा मुद्दे, आणि प्रत्येकाची सुरुवात एकाच वाक्याने: "हे खरे नाही." यातले किती जण लुव्हेनला जाऊन आले होते? सही मागितली गेली, दिली. प्लांकनी पुढे आपली भूमिका सौम्य केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पण इथे टीका करणाऱ्यांचीही झाडाझडती घेते, नाहीतर लेख एकतर्फी होईल. १९१५ मध्ये इंग्रजांनी लॉर्ड ब्राइस यांच्या नावाने बेल्जियममधल्या अत्याचारांचा अहवाल काढला. अत्याचार झाले होते यात शंका नाही. पण अहवालात शपथेवर न घेतलेल्या, ऐकीव साक्षी घातल्या आणि वाटेल त्या कहाण्या जगभर पसरल्या. युद्ध संपल्यावर त्यातलं बरंचसं टिकलं नाही. त्याचं फळ भोगलं कोणी? दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या कत्तलीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा पुष्कळ शहाण्या लोकांनी मान हलवली: असल्या गोष्टी मागच्या वेळीही ऐकल्या होत्या.

रशियातल्या कातिनची गोष्ट त्याहून वाईट. १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि नागरिक मारून पुरले. १९४३ मध्ये ते जाहीर केलं नाझींनी, म्हणजे सांगणारा जगातला सर्वांत कमी विश्वासाचा माणूस, आणि सांगणं खरं. पोलंडच्या परागंदा सरकारने रेडक्रॉसची चौकशी मागितली, तर स्टालिनने त्यांच्याशी संबंधच तोडले. मग सोव्हिएतांनी स्वतःची समिती नेमली, तिने दोष जर्मनांवर ढकलला. १३ एप्रिल १९९० ला मॉस्कोने कबूल केलं, आमचंच काम होतं. त्या १९४३ साली आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, राहायला येत होते. इतक्या जवळ होतं ते सगळं, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात एक ओळ नाही.

"तक्रारदार कोणाचा माणूस आहे" हा प्रश्न निरर्थक नाही, एवढंच यातून निघतं. पण उत्तर म्हणून तो पुरत नाही.

अलीकडे आणखी एक तऱ्हा आली आहे: नाकारायचं नाही, गोंधळ घालायचा. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशियाचं विमान पडलं, २९८ माणसं गेली. रशियाने आधी सांगितलं, जवळ युक्रेनचं लढाऊ विमान होतं. नंतर सांगितलं, क्षेपणास्त्रच होतं, पण युक्रेनच्या ताब्यातल्या गावातून सुटलं. आणखी नंतर म्हणे क्षेपणास्त्राच्या नंबरावरून ते १९८६ मध्येच युक्रेनमध्ये गेलेलं. एक खोटं पचवायला लोकांना कष्ट पडतात, चार गोष्टी एकदम सांगितल्या की ते म्हणतात, जाऊ द्या, कोणास ठाऊक. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या कोर्टाने तिघांना दोषी धरलं. तिघेही हजर नव्हते.

खोटं पकडायला हल्ली वेळ कमी लागतो, हे खरं. २३ मार्च २०२५ ला गाझातल्या रफाहमध्ये इस्रायली सैनिकांनी रुग्णवाहिकांवर आणि बचावपथकावर गोळीबार केला, १५ जण मेले. प्रेतं आणि गाड्या वाळूत पुरलेल्या सापडल्या. लष्कराने सांगितलं, गाड्या दिवे न लावता संशयास्पद रीतीने येत होत्या. मग मेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या मोबाइलमधला व्हिडिओ बाहेर आला. पहाटेचा अंधार, पुढे रुग्णवाहिका, दिवे सुरू, वरची लाल बत्ती फिरतेय. मग दिव्यांबद्दलचं म्हणणं चुकलं असं लष्कराने मान्य केलं आणि २० एप्रिलला चौकशीचा निष्कर्ष आला: व्यावसायिक चुका झाल्या. एका उपकमांडरला काढलं, कारण त्याने दिलेला अहवाल अपुरा आणि चुकीचा होता. मी हे दोनदा वाचलं. कामावरून गेला तो कागद नीट न लिहिल्याबद्दल.

दुसऱ्या बाजूचंही बघा. ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १२०० माणसं मारली गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये हमासने जे निवेदन काढलं त्यात नागरिकांना इजा न करणं हे आमचं धार्मिक कर्तव्य आहे, काही झालं असेल तर ते अनवधानाने, असं म्हटलं. घराघरांत शिरून मारणं अनवधानाने कसं होतं ते काही त्यात लिहिलेलं नाही.

आमच्या भाषेत याच्या पुढची पायरी म्हणजे "जबाबदारी निश्चित करणे". ती नेहमी खाली निश्चित होते. साहेब, नायब, अव्वल कारकून, तलाठी अशी उतरत उतरत शेवटी बिचाऱ्या कोतवालावर येते. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाईत अमेरिकन सैनिकांनी गावच्या गाव मारलं. व्हिएतनामच्या मोजणीप्रमाणे ५०४. त्या दिवशीची लष्करी बातमी होती: शत्रूचे १२८ ठार, मोठा विजय. वर्षभराने रॉन रिडनआवर या सैनिकाने पुढाऱ्यांना पत्रं पाठवली, नोव्हेंबर १९६९ मध्ये सेमूर हर्श या पत्रकाराने छापलं, तेव्हा जगाला कळलं. शिक्षा झाली एकट्या लेफ्टनंट कॅलीला. जन्मठेप. राष्ट्राध्यक्ष निक्सनने त्याला तुरुंगातून काढून घरीच नजरकैदेत ठेवायला सांगितलं, आणि तीन-साडेतीन वर्षांत तो सुटला. २०२१ मध्ये काबूलला अमेरिकन ड्रोनने दहा निष्पाप माणसं मारली, त्यात सात मुलं. सर्वोच्च सेनाधिकाऱ्याने आधी तो हल्ला न्याय्य म्हणून सांगितला, तीन आठवड्यांच्या आत चूक मान्य झाली, आणि डिसेंबरमध्ये ठरलं की कुणालाच शिक्षा नाही. इथे तर कोतवालही सापडला नाही.

१९७१ बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ते आपल्या दाराशी घडलं. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. परदेशी पत्रकारांना हॉटेलात डांबलं आणि देशाबाहेर काढलं. मग एप्रिलमध्ये सरकारने स्वतःच्या खात्रीचे आठ पाकिस्तानी पत्रकार फिरवायला नेले, सगळं सुरळीत आहे असं लिहावं म्हणून. त्यात कराचीचे अँथनी मास्कारेन्हस होते. ते बघून आले, बायकामुलांना गुपचूप लंडनला हलवलं, आणि १३ जून १९७१ ला तिथल्या 'संडे टाइम्स'मध्ये सगळं छापलं. खात्रीचा माणूसच उलटला! ऑगस्टमध्ये पाकिस्तानने श्वेतपत्रिका काढली. त्यात अत्याचार होते, पण ते बंगाल्यांनी बिहारींवर, म्हणजे फाळणीनंतर तिथे गेलेल्या उर्दूभाषक मुसलमानांवर, केलेले. तेही घडले होते, खोटं नव्हतं. आपलं झाकून दुसऱ्याचं दाखवायचं, म्हणजे खोटंही बोलावं लागत नाही.

वॉशिंग्टनला तर आपल्याच माणसाचं पत्र नको होतं. ढाक्यातले अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला तारेने कळवलं की आपलं सरकार नैतिकदृष्ट्या दिवाळखोर ठरतंय. त्यांची बदली झाली. बदली काय चीज असते ते महसूलवाल्यांना सांगायला नको.

युद्ध हरल्यावर भुट्टोंनी हमूदुर रहमान आयोग नेमला. आयोगाने अधिकाऱ्यांवर खटले भरा असं लिहिलं. अहवाल कपाटात गेला. २००० च्या ऑगस्टमध्ये भारतातल्या एका नियतकालिकाने तो छापला तेव्हा पाकिस्तानी जनतेला कळलं की आपल्या आयोगाने काय म्हटलं होतं. खटला कुणावरच नाही.

आणि आता आपण. श्रीलंकेत २००९ मध्ये वाघांचा, म्हणजे प्रभाकरनच्या तमिळ बंडखोरांचा, शेवट झाला तेव्हा तिथलं सरकार सांगत होतं, नागरी बळी शून्य. त्याच मे महिन्यात जिनिव्हात मानवी हक्क परिषदेत श्रीलंकेची पाठ थोपटणारा ठराव झाला, भारताने बाजूने मत दिलं. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लिहिलं की शेवटच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात. मग श्रीलंकेच्या संरक्षण खात्याने स्वतःचा अहवाल काढला आणि एवढ्या मोठ्या लढाईत नागरिक मरणं पूर्ण टाळता येणं अशक्य होतं असं मान्य केलं. शून्यावरून "अशक्य होतं" इथपर्यंत यायला दोन वर्षं. भारताने २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीलंकेच्या विरोधात मत दिलं, २०१४ मध्ये तटस्थ राहिला. जिनिव्हातले पुरावे दरवर्षी एवढे बदलत होते का? दिल्लीतलं आघाडी सरकार द्रमुकच्या पाठिंब्यावर होतं आणि तमिळनाडू पेटला होता. पुढे ती आघाडी तुटली.

त्याच श्रीलंकेतल्या जाफन्यात १९८७ च्या दिवाळीत आपल्या शांतिसेनेने सरकारी दवाखान्यात शिरून गोळीबार केला. रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठ-सत्तर माणसं गेली. आपलं म्हणणं, आतून वाघांनी गोळ्या झाडल्या. वाचलेले लोक सांगतात, सैनिक आले तोवर वाघ निघून गेले होते. हे मी आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर टाकलं तर एका भाऊसाहेबांनी तत्काळ विचारलं, "मॅडम, हे आत्ताच का?" दुसऱ्यांनी लिहिलं, प्रभाकरनने काय केलं ते का नाही लिहिलं. तिसऱ्यांनी तिरंगा टाकला. आयुष्यभर खुलासे लिहिलेली माणसं, हात बसलेला.

जून २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने काश्मीरवर अहवाल काढला. आपल्या परराष्ट्र खात्याचं उत्तर: भ्रामक, पक्षपाती आणि हेतुपुरस्सर. अहवालात उणिवा होत्या की नव्हत्या हा वेगळा विषय. पण ते उत्तर वाचून मला वाटलं, हा मसुदा आमच्याच टेबलावरून गेला असावा.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं विचारू नका. हेगच्या या कोर्टाचे सदस्य अमेरिका नाही, रशिया नाही, चीन नाही, इस्रायल नाही, आपणही नाही. २००२ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की आमचा माणूस तिथे धरला तर सोडवायला लागेल ते करू. मार्च २०२३ मध्ये कोर्टाने पुतिनवर वॉरंट काढलं, अमेरिकेच्या अध्यक्षांना ते योग्य वाटलं आणि रशियाने कोर्टाच्या खटला चालवणाऱ्या मुख्य वकिलालाच वाँटेड केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहूंवर काढलं, तेव्हा त्याच अध्यक्षांना ते संतापजनक वाटलं. पुढच्या फेब्रुवारीत नव्या अध्यक्षांनी त्याच वकिलावर निर्बंध घातले. एका वकिलाला दोन्हीकडून एवढा मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

भाच्याने शेवटी विचारलं, सरळ कबूल करणारं एखादं तरी सरकार असेल की नाही? बराच वेळ आठवत बसले. नेदरलँड्स सांगितलं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजार मुसलमान पुरुष आणि मुलं सर्ब फौजेने मारली. गाव संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली होतं आणि पहाऱ्यावर डच सैनिक होते. त्यांनी काही केलं नाही. एप्रिल २००२ मध्ये डच संशोधन संस्थेचा अहवाल आला आणि पंतप्रधान विम कॉक यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. भाचा म्हणाला, बघ, आहे की! त्याला सांगितलं, निवडणूक महिनाभरावर होती, हेही नोंदीत असू दे. माफी मागितली ती २०२२ मध्ये, तीही दोनदा. जूनमध्ये पंतप्रधानांनी मागितली, आपल्याच त्या सैनिकांची, की तुम्हाला पुरेशी मदत न देता तिथे पाठवलं. स्रेब्रेनित्साच्या बायकांची माफी संरक्षणमंत्र्यांनी मागितली, ती पुढच्या महिन्यात.